दुसऱ्या दिवसाची दया

शास्त्रपाठ : लूक १०:२५-३७, मत्तय २५:३१-४६



दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्यापैकी बहुतेकांना शब्बाथ शाळेपासून पाठ आहे. यरुशलेमेहून यरीहोकडे उतरणारी ती वाट, लुटारूंनी मारहाण करून अर्धमेला टाकलेला तो माणूस, बाजूने निघून गेलेले याजक आणि लेवी, आणि ज्याच्याकडून कोणी काहीच अपेक्षा केली नव्हती असा तो शोमरोनी. शब्बाथ शाळेच्या वार्षिक दिवशी मुलांनी हा प्रवेश कितीदा तरी करून दाखविला आहे. पण मुलांचा हा प्रवेश बहुधा कोठे संपतो? शोमरोनी जखमा बांधतो, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवतो, आणि पडदा पडतो. प्रभूचा दाखला मात्र तेथे संपत नाही. पस्तिसावे वचन काढून पाहा. तेथे दुसरा दिवस उजाडला आहे. शोमरोन्याला पुढे जावयाचे आहे, आणि तो जातोही. परंतु जाण्यापूर्वी तो दोन नाणी काढून उतारशाळेच्या रक्षकाच्या हातावर ठेवतो, जखमी माणसाची काळजी त्याच्याकडे सोपवतो, आणि जे अधिक लागेल ते परत येताना आपण देऊ असे कबूल करतो.

या दुसऱ्या दिवसाचा विचार आज आपण करावयाचा आहे. कारण पहिल्या दिवसाची दया आपल्या मंडळ्यांमध्ये पुष्कळ आहे. कोणी आजारी पडल्याचे कळले की आपले मन द्रवते, आपण फळे घेऊन दवाखान्यात जातो, उशापाशी उभे राहून प्रार्थना करतो आणि समाधानाने घरी येतो. यात वाईट काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी त्या खाटेजवळ कोण असते? हा प्रश्न समजण्यासाठी एका ख्रिस्ती मनुष्याने परदेशातील एका तुडुंब भरलेल्या इस्पितळात घालविलेल्या थोड्या दिवसांची हकीकत आपण ध्यानात घेऊ.

वाटेवरचा माणूस

ही गोष्ट १८५९ सालची. उत्तर इटलीत एका बाजूला फ्रान्स व सार्डिनिया आणि दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रिया असे युद्ध चालले होते. २४ जून रोजी सोल्फेरिनो या गावाच्या आसपास सुमारे तीन लाख सैनिक एकमेकांवर तुटून पडले. पहाटे सुरू झालेली लढाई संध्याकाळपर्यंत चालली. मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून दोन्ही बाजूंची सुमारे ४०,००० माणसे त्या एका दिवसात खर्ची पडली.

त्याच संध्याकाळी जवळच्या कास्तिल्योने या गावी एक प्रवासी येऊन पोहोचला होता. त्यांचे नाव हेन्री ड्युनांट. वय ३१ वर्षे, राहणार स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा. ते काही डॉक्टर नव्हते, सैनिक नव्हते, पाळकही नव्हते. ते व्यापारी होते. देवभीरू प्रॉटेस्टंट घरात ते वाढले होते. तरुणपणी ते गोरगरिबांच्या व आजाऱ्यांच्या घरी जात, तुरुंगातील कैद्यांना भेटत. १८५२ साली जिनिव्हात वाय. एम. सी. ए. स्थापन करणाऱ्या तरुणांत ते होते. परंतु इटलीत ते सेवेसाठी आलेले नव्हते. अल्जीरियात त्यांनी पिठाच्या गिरणीचा उद्योग मांडला होता. तेथील जमिनीच्या व पाण्याच्या परवानग्या मिळत नव्हत्या, म्हणून फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन यांना गाठून अर्ज द्यावा आणि सम्राट तर सैन्याबरोबर आहेत, तेव्हा तेथेच जावे, एवढाच त्यांचा हेतू होता.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी हे मुलांना मुद्दाम सांगावे. शोमरोनीसुद्धा त्या दिवशी परोपकार करावयास म्हणून घराबाहेर पडला नव्हता. प्रभूने त्याच्याविषयी एवढेच सांगितले आहे की तो प्रवासात होता. देव पुष्कळदा आपल्याला आपल्याच कामाच्या वाटेवर गाठतो. अशा वेळी हातातील काम खोटे नसते. ते थोडे थांबवता येते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

कमी होते ते हात

लढाईच्या दुसऱ्या दिवसापासून कास्तिल्योनेत जखमींच्या गाड्या येऊ लागल्या. लहानसे गाव ते. घरे भरली, मठ भरले, बराकी भरल्या, चर्चे भरली. रस्त्यांच्या कडेला आणि अंगणांत पेंढा पसरून माणसे निजवावी लागली. गावातील मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे तेथील लोक ज्याला कीएझा माज्जोरे म्हणतात त्या मंदिरात, जवळजवळ ५०० सैनिक दाटीवाटीने पडले होते. आणखी शंभर जण दारासमोर पेंढ्यावर होते आणि उन्हापासून आडोसा म्हणून त्यांच्यावर कापडाचे तुकडे ताणले होते. आत फ्रेंच होते, अरब होते, जर्मन होते, स्लाव होते. शेजारी पडलेल्याची भाषा शेजाऱ्याला कळत नव्हती. जखमांवर माश्या बसत होत्या, उकाडा भयंकर होता, आणि डॉक्टर इतके थोडे की एका माणसापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यातच दिवस सरत होता.

यातील एक गोष्ट ड्युनांट यांच्या लक्षात आली आणि ती आपणही नीट लक्षात घेतली पाहिजे. गावात पाणी होते, अन्न होते, जखमा बांधावयास कापडही मिळत होते. तरीही माणसे तहानेने व भुकेने मरत होती. कारण विहिरीपासून ओठांपर्यंत पाणी नेणारे हात पुरेसे नव्हते. आपले काय काम, आपल्याला वैद्यकी थोडीच येते, असे म्हणून ते निघून गेले असते तर कोणी नावे ठेवली नसती. पण जे येत होते ते त्यांनी केले. पाणी पाजले, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. आपल्या गाडीवानाला त्यांनी ब्रेश्शा शहरी पाठवले आणि तो संत्री, लिंबे, साखर, सदरे, स्पंज, पट्ट्यांचे कापड, टाचण्या आणि तंबाखूसुद्धा गाडीभर घेऊन आला. सामानाच्या या यादीकडे पाहा, बंधुभगिनींनो. यातील कोणतीही वस्तू आणावयास पदवी लागत नाही.

ते एकटेही नव्हते. गावचे रोमन कॅथॉलिक धर्मगुरू डॉन लोरेंत्सो बार्झिझ्झा आधीपासूनच सेवेची व्यवस्था लावीत होते, आणि हा जिनिव्हाचा प्रॉटेस्टंट त्यांच्या जोडीने कामाला लागला. गावातील स्त्रिया पुढे आल्या. मुले कारंज्यावरून बादल्या भरून चर्चकडे नेऊ लागली. वाटेने जाणारे काही प्रवासी नुसते पाहावयास म्हणून आत शिरले, त्यांनाही कामाला लावण्यात आले. एका व्यापाऱ्याने मरणाऱ्यांची शेवटची पत्रे लिहून घेण्याचे काम पत्करले. काहींना ते दृश्य सोसवेना आणि त्यांना थांबावे लागले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. जेवढे झेपले तेवढे त्यांनी दिले.

सुरुवातीस लोकांचा ओढा साहजिकच आपल्या बाजूच्या सैनिकांकडे होता. ड्युनांट मात्र ऑस्ट्रियन जखमींना तितक्याच मायेने पाणी पाजीत. ते पाहून स्त्रियाही तसेच करू लागल्या, आणि हे सगळे भाऊच आहेत असे त्या आपसांत म्हणू लागल्या. शास्त्र्याने प्रभूला विचारले होते की माझा शेजारी कोण. कास्तिल्योनेच्या त्या बायांनी शास्त्र वाचले होते की नाही देव जाणे, पण उत्तर त्यांना सापडले होते.

त्या गर्दीत वीस वर्षांचा एक फ्रेंच कॉर्पोरल होता. डाव्या कुशीत गोळी लागलेली. आपण वाचणार नाही हे त्याला कळून चुकले होते. ड्युनांट यांनी पाणी दिल्यावर त्याने डोळ्यांत पाणी आणून विनवले की आपल्या वडिलांना पत्र लिहा आणि आईला सांभाळावयास सांगा. ड्युनांट यांनी पत्ता टिपून घेतला, आणि थोड्याच वेळात त्याचा प्राण गेला. तो आईबापांचा एकुलता एक मुलगा होता. सरकारी यादीत त्याची नोंद बेपत्ता अशी झाली होती. मुलाचे काय झाले हे त्या आईबापांना कळले ते केवळ या परक्या माणसाच्या पत्रातून. हजारोंच्या गर्दीत एका माणसाला नाव राहिले, कारण कोणीतरी वाकून त्याचा पत्ता लिहून घेतला.

दुसरा दिवस

याच चर्चमध्ये एक म्हातारा सार्जंट होता. त्याने कष्टाने असे सांगितले की माझ्याकडे थोडे आधी कोणी पाहिले असते तर मी जगलो असतो, आता संध्याकाळपर्यंत मरेन. आणि संध्याकाळी तो मेला.

हे बोल ड्युनांट यांच्या मनातून गेले नाहीत. आपण केले ते पुरेसे झाले, आता घरी जाऊन देवाचे आभार मानू, असे त्यांना वाटू शकले असते. पण दया जर फक्त योगायोगाने आलेल्या प्रवाशावर अवलंबून असेल, तर ती उशिराच पोहोचणार, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी लगेच फ्रेंच सेनापतींकडे जाऊन खटपट केली की पकडलेल्या ऑस्ट्रियन डॉक्टरांना सोडावे व जखमींची सेवा करू द्यावी; आणि सम्राटाने तसा हुकूम काढला. स्वतःच्या गिरणीचे काम मात्र त्या फेरीत साधले नाही.

घरी परतल्यावर त्यांनी पाहिलेले सर्व लिहून काढले आणि १८६२ साली स्वतःच्या खर्चाने त्या पुस्तकाच्या १,६०० प्रती छापून राजेरजवाड्यांना, सेनापतींना, ओळखीच्यांना पाठवल्या. त्यात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला होता : शांततेच्या काळातच प्रत्येक देशात अशी मंडळे का तयार असू नयेत की ज्यांतील शिकविलेले स्वयंसेवक युद्धात जखमींची सेवा करतील? १७ फेब्रुवारी १८६३ रोजी जिनिव्हात पाच जण या प्रश्नाचा विचार करावयास बसले; ड्युनांट त्यांच्यापैकी एक. त्या बैठकीतून रेड क्रॉस संस्था जन्मास आली. २२ ऑगस्ट १८६४ रोजी १२ राष्ट्रांनी जिनिव्हा कराराला संमती दिली. जखमी सैनिक कोणत्याही बाजूचा असो, त्याची शुश्रूषा झाली पाहिजे. त्याची सेवा करणाऱ्यांवर आणि त्याच्या इस्पितळावर कोणी शस्त्र उगारू नये. आणि ओळखीसाठी पांढऱ्या कापडावर तांबडा क्रूस असावा, असे ठरले. आपल्या देशात इंडियन रेड क्रॉस सोसायटी १९२० साली कायद्याने स्थापन झाली.

शोमरोन्याने उतारशाळेच्या रक्षकाला दोन नाणी दिली, तेव्हा त्याने हेच केले. आपण पुढे गेल्यावर काय, याची त्याने सोय लावली. आपल्या ताकदीला शेवट आहे हे त्याने मान्य केले आणि दुसऱ्याच्या हाती काम सोपवले. पण सोपवून मोकळा झाला नाही, परत येण्याचे वचन दिले. प्रीती ही फक्त भावना असती तर हिशेबाची गरज नव्हती. प्रीतीला उद्याचा विचार असतो, म्हणून तिला हिशेब ठेवावा लागतो.

ज्याने भेट दिली त्याची भेट कोणी घेतली?

ही हकीकत येथे थांबवणे सोयीचे होईल, पण ते खरे होणार नाही. १८६७ साली ड्युनांट यांचा व्यापार बुडाला आणि त्यांच्याबरोबर जिनिव्हातील इतरांचेही पैसे गेले. त्यांच्या हातून व्यवहारात चुका झाल्या होत्या, हे झाकण्याचे कारण नाही. ज्या समितीची कल्पनाच त्यांची, तिच्यातून त्यांना वगळण्यात आले. जन्मगाव सुटले ते कायमचे. जिनिव्हात ते पुन्हा कधी परतले नाहीत. पुष्कळ वर्षे त्यांनी गरिबीत आणि आडोशाला काढली. शेवटी हाइडेन नावाच्या स्विस गावी त्यांना आसरा मिळाला आणि १८९२ पासून तेथील लहानशा इस्पितळातच ते राहू लागले. १८९५ साली एका पत्रकाराने त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा हा मनुष्य अजून जिवंत आहे हे जगाला कळले. १९०१ साली पहिले नोबेल शांतता पारितोषिक त्यांना व फ्रेदेरिक पासी यांना विभागून मिळाले. ३० ऑक्टोबर १९१० रोजी त्याच इस्पितळात त्यांचे देहावसान झाले.

उतारवयात चर्चच्या संघटनांविषयी त्यांच्या मनात कटुता आली होती आणि आपल्या दफनाच्या वेळी कोणताही विधी नको असे त्यांनी सांगून ठेवले होते. हे वाचून आपण त्यांचा न्याय करावयास बसू नये. त्याऐवजी आपल्याला एक प्रश्न विचारावा. ज्या मनुष्याने परक्यांच्या जखमा धुतल्या, त्याच्याच पडत्या काळात त्याच्या शहरातील ख्रिस्ती लोक कोठे होते? मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात राजा सांगतो की मी आजारी असताना तुम्ही माझ्या समाचाराला आला किंवा आला नाही. तो आजारी माणूस कर्जबाजारी होता का, त्याची चूक होती का, त्याचे नाव मंडळीच्या यादीत राहिले होते का, असे राजा विचारीत नाही.

आपल्या प्रत्येक मंडळीत असे एखादे नाव असते. व्यवहारात फसलेला, लोकांचे पैसे देणे असलेला, भांडून उपासनेला येईनासा झालेला. तो आजारी पडला की आपण म्हणतो, त्याच्याकडे जाणे बरे दिसेल का? याजक आणि लेवी यांनाही कदाचित असेच काही वाटले असेल.

आता आणखी एक गोष्ट, आणि ती फार सुंदर आहे. पारितोषिकाच्या पैशातून ड्युनांट यांनी स्वतःसाठी सुखसोयी केल्या नाहीत. मृत्युपत्रात त्यांनी हाइडेनच्या इस्पितळात गावातील गरिबासाठी एक खाट कायमची मोफत राहावी म्हणून रक्कम ठेवली. तरुणपणी त्यांनी शेकडो माणसे खाटेवाचून जमिनीवर मरताना पाहिली होती. म्हातारपणी त्यांनी एक खाट मागे ठेवली. शोमरोन्याची दोन नाणी हीच.

आपल्या गावातील उतारशाळा

आपल्यापैकी कोणाला सोल्फेरिनोला जावे लागणार नाही. पण गर्दीने भरलेला वॉर्ड पाहावयास परदेशी जाण्याची गरज आहे काय? बेळगाव असो, इंदूर असो, हैदराबाद किंवा बडोदा असो, मोठ्या सरकारी दवाखान्यांत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर अंथरूण टाकून पडलेला रोगी आपण सर्वांनी पाहिला आहे. तेथेही पुष्कळदा औषध असते, डॉक्टर असतात, परिचारिका दमेपर्यंत राबत असतात; कमी असतात ते हात.

आपण जेथे राहतो त्या गावांमुळे देवाने आपल्याला एक खास देणगी दिली आहे. आपल्याला दोन भाषा येतात. खेड्यातून आलेली मराठी आई हातात कानडी, तेलुगू, गुजराती किंवा हिंदीतील कागद घेऊन खिडकीपुढे गोंधळून उभी असते. कोणत्या खोलीत जावे, रक्त कोठे तपासावे, गोळी जेवणाआधी की नंतर, तिला कळत नाही. तिच्याबरोबर अर्धा तास उभे राहणे आपल्याला काय कठीण आहे? कास्तिल्योनेच्या चर्चमध्ये भाषा न कळल्याने माणसे एकटी मेली. आपल्या तोंडात ती भाषा असताना आपण गप्प का राहावे?

म्हणून प्रत्येक मंडळीतील महिला मंडळाने व तरुण संघाने मिळून एक साधी वही ठेवावी असे आम्ही सुचवतो. आजाऱ्याचे नाव, वॉर्ड, आज कोण गेले आणि उद्या कोण जाणार, एवढेच त्यात असावे. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. एकाने डबा न्यावा. आजाऱ्याजवळ रात्र काढणाऱ्या नातेवाइकालाही भूक लागते. एकाने औषधाच्या रांगेत उभे राहावे. तरुणांनी रक्तदानासाठी नावे नोंदवून ठेवावीत. कोणाला चांगले अक्षर असेल त्याने घरी कळवावयाचा निरोप लिहून घ्यावा. ज्याला थकवा येईल त्याने दुसऱ्याला वही द्यावी आणि संकोच मानू नये.

हे करताना काही पथ्ये पाळू या. वॉर्डातील सिस्टरना विचारल्यावाचून रोग्याला खाणेपिणे देऊ नये. भेट थोडक्यात असावी. प्रार्थना हवी का, हे आधी विचारावे. नको म्हटले तर डबा तेवढाच प्रेमाने द्यावा. शेजारच्या खाटेवरील रोगी कोणत्याही धर्माचा असो, त्याच्या तांब्यातही पाणी भरून ठेवावे. शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही, आणि आपल्या दयेचा मोबदलाही मागितला नाही.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, पुढच्या वेळी मुलांना हा प्रवेश करावयास लावाल तेव्हा पडदा लवकर पाडू नका. दुसरी सकाळ दाखवा. एखाद्या मुलाला उतारशाळेचा रक्षक करा आणि शोमरोनी निघून गेल्यावर तो त्या जखमी माणसासाठी काय काय करतो ते मुलांनाच शोधू द्या. कारण आपल्यापैकी पुष्कळांना प्रभूने त्या रक्षकाचेच काम दिले आहे. नाव न झालेले, रोजचे, कंटाळवाणे काम.

पण त्या रक्षकाजवळ एक वचन होते. ज्याने माणूस सोपवला तो परत येणार होता, आणि जे अधिक खर्च होईल ते भरून देणार होता. आपला प्रभूही परत येणार आहे. त्याने आपल्या हाती सोपविलेल्या माणसांची तो चौकशी करील. आपण किती रात्री जागलो, किती पाणी पाजले, कोणाचा पत्ता लिहून घेतला, यातील काहीही त्याच्या हिशेबातून सुटणार नाही. तो येईपर्यंत आपल्या उतारशाळेचे दार उघडे आणि दिवा लावलेला असावा, यासाठी तो आपल्या सर्वांना कृपा व सामर्थ्य देवो. आमेन.